नाळरक्ताची साठवण आणि पेशींची जीवनक्षमता : एक चिकित्सा

नाळरक्त साठविणाऱ्या खासगी पेढ्या पालकांना जे प्रमाणपत्र देतात, त्यात जिवंत पेशींची टक्केवारी ठळकपणे दिलेली असते. प्रस्तुत लेखात या आकड्याची चिकित्सा करावयाची आहे. १९८८ साली पॅरिस येथे एलियान ग्लुकमन यांनी फॅन्कोनी अ‍ॅनिमिया झालेल्या बालकास त्याच्या बहिणीचे नाळरक्त देऊन पहिले प्रत्यारोपण केले. या रक्तातील स्टेम सेलचे मोल तेव्हापासून सिद्ध आहे. प्रश्न साठवणुकीचा आहे.

मृत पेशी रंग शोषते, जिवंत पेशी शोषत नाही, या तत्त्वावर ही मोजणी होते. परंतु आवरण शाबूत असलेली प्रत्येक पेशी नव्या पेशींची वसाहत निर्माण करू शकेलच असे नाही. शिवाय मोजणी बहुधा गोठविण्यापूर्वीची असते. म्हणजे खरी परीक्षा होण्याआधीच गुणपत्रिका हाती पडते.

पहिली परीक्षा प्रवासाची. कळंबसारख्या गावी प्रसूती झाल्यास नाळरक्ताची पिशवी नागपूरमार्गे चेन्नई वा गुरुग्रामपर्यंत जावयाची. साधारणतः ४८ तासांच्या आत प्रक्रिया व्हावी असा दंडक आहे. विदर्भातील मे महिन्यात, पारा ४५ अंशांच्या घरात असताना, पेटीतील तापमान कोणी नोंदविले, हे पालकांनी विचारावयास हवे. दुसरी परीक्षा गोठविण्याची. डीएमएसओ हे द्रव्य पेशींना हिमस्फटिकांपासून वाचविते, पण उबदार स्थितीत तेच विषारी ठरते. म्हणून मिनिटाला सुमारे १ अंश या गतीने थंडावा देत पिशवी द्रवरूप नायट्रोजनच्या उणे १९६ अंशांपर्यंत न्यावी लागते. त्यानंतर काळ हा मोठा शत्रू नव्हे. २७ वर्षे गोठविलेल्या पेशी कार्यक्षम असल्याचे ब्रॉक्समायर यांच्या गटाने २०२३ मध्ये दाखविले. शत्रू आहे तो मधल्या तापमानवाढीचा : त्याच वर्षी सिंगापूर येथील कॉर्डलाइफच्या ७ टाक्यांत तापमान मर्यादेबाहेर गेल्याचे तेथील आरोग्य खात्यास आढळले.

आणि हे सारे सांभाळूनही उपयोग किती? आनुवंशिक रक्तविकार असलेल्या बालकाच्या स्वतःच्या नाळरक्तात तोच दोष असतो. कुटुंबात उपचारास पात्र रुग्ण असल्याखेरीज खासगी साठवण भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांना मान्य नाही.

आणखी एक बाब प्रमाणपत्रात कधीच नसते. नाळ किमान १ मिनिट बांधू नये असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, कारण त्या अवधीत बाळाच्या अंगात जाणारे रक्त त्याचा लोहसाठा वाढविते. पेशींची संख्या भरावी म्हणून नाळ लवकर बांधली, तर पिशवीत वाढलेले रक्त बाळाच्या वाट्याचे असते.