गाडी दुपारी कुठे असते?

एका तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात आम्हा तिघांना परीक्षक म्हणून बोलावले होते. नववीतल्या दोन मुलांच्या तक्त्यापाशी आम्ही बराच वेळ रेंगाळलो. विषय चांगला होता : जिथे विजेची लाइन पोहोचलेली नाही अशा शेतातल्या वस्तीवर राहणाऱ्या कुटुंबाने आपली विजेवर चालणारी मालवाहू तीनचाकी घरच्याच सौर पॅनेलांवर कशी चार्ज करावी. अक्षर सुरेख, चित्रे नेटकी. कोपऱ्यात १९८७ साली ऑस्ट्रेलियात सौर मोटारींची शर्यत जिंकणाऱ्या ‘सनरेसर’चा फोटोही चिकटवलेला होता. आम्ही पहिला क्रमांक दिला.

बक्षीस जाहीर झाल्यावर एक पालक आमच्याकडे आले. भाजीचा धंदा, राहणे वस्तीवर, आणि अशीच एक तीनचाकी घेण्याच्या विचारात. तक्त्याकडे बोट दाखवून म्हणाले, “सर, मी सकाळी आठला बाजाराला निघतो, घरी येतो दिवस मावळल्यावर. मग हा सूर्य गाडीत घालायचा कधी?”

आमच्यापैकी कुणालाच लगेच उत्तर देता आले नाही. ज्या तक्त्याला आम्ही पूर्ण गुण दिले होते त्यात हा प्रश्नच नव्हता. म्हणून ही टीका त्या तक्त्यावर आहे, आणि त्याहून अधिक आमच्यासारख्या परीक्षकांवर आहे. मुलांचा दोष यात फार थोडा. ज्या तीन ओळींच्या हिशोबावर त्यांचा तक्ता उभा होता तो हिशोब जाहिरातींच्या पत्रकांत, वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत आणि लोकप्रिय विज्ञानलेखांतही सर्रास भेटतो. तो असा :

एक किलोवॅटचे पॅनेल दिवसात ५ तास उन्हात, म्हणजे ५ युनिट वीज. गाडी एका किलोमीटरला ९० वॅट-तास खाते, ४० किलोमीटरला ३.६ युनिट. उरलेल्या १.४ युनिटात घरचे दिवे आणि पंखा.

गुणाकार बिनचूक आहे. पॅनेलाने दिलेले प्रत्येक युनिट गाडीच्या चाकापर्यंत जसेच्या तसे पोहोचते, हे त्यातले गृहीतक मात्र चूक आहे. आता हाच हिशोब उलट्या दिशेने, चाकाकडून छपराकडे करू. गाडीच्या बॅटरीतून ३.६ युनिट हवे असतील, तर चार्जरमधली आणि बॅटरीतली घट धरून प्लगमधून सुमारे ४.२ युनिट घ्यावी लागतील. पॅनेलाची एकदिश वीज प्रत्यावर्ती करणारा इन्व्हर्टर त्यातला दहावा हिस्सा खातो. त्याच्या आधी ४.७ युनिट हवीत. गाडी रात्री चार्ज होणार असेल तर ही वीज घरच्या बॅटरीतून येणार. घरी शिसे-आम्लाची बॅटरी असेल, तर घातलेल्यापैकी पाऊण हिस्सा किंवा थोडे अधिकच परत मिळते; म्हणजे बॅटरीत ६ युनिट घातली पाहिजेत. आणि पॅनेलावर लिहिलेले वॅट खऱ्या छपरावर सहसा मिळतच नाहीत. ती मोजणी दर चौरस मीटरवर १००० वॅट ऊन आणि सौरघटाचे तापमान २५ अंश सेल्सिअस असताना केलेली असते. वैशाखात छपरावरचा घट सहज ६० अंशांवर जातो, आणि दर अंशामागे त्याची शक्ती साधारण ०.३५ ते ०.४ टक्क्याने घटते. म्हणजे नुसत्या उष्णतेने बारा-चौदा टक्के गेले. धूळ, तारा आणि कंट्रोलर यांचा वाटा धरला की एकूण पाऊण हिस्सा हाती येतो असे मानणे बरे. मग पॅनेलाच्या कागदावरची ८ युनिट खर्ची पडतात, तेव्हा कुठे गाडीला ३.६ मिळतात.

एक किलोवॅटच्या जागी १.६ किलोवॅट, आणि घरचे दिवे अजून हिशोबात आलेच नाहीत! तरी ही चूक आम्ही फार मोठी मानत नाही. पॅनेल गेल्या काही वर्षांत बरेच स्वस्त झाले आहे. दोन जास्त लावली की भागते. खरी अडचण मधल्या पायरीवर आहे. रात्री ४.७ युनिट काढायची आणि शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याहून जास्त रिकामी करायची नाही (केली तर तिचे आयुष्य झपाट्याने कमी होते), तर ९.४ युनिटांची बॅटरी हवी. म्हणजे १२ व्होल्ट, २०० अँपिअर-तासांच्या चार बॅटऱ्या, त्याही फक्त गाडीसाठी. या गाड्यांची स्वतःची बॅटरी साधारण साडेसात युनिटांची असते. गाडीची बॅटरी भरण्यासाठी तिच्याहून मोठी बॅटरी घरात आणून ठेवायची, आणि ती दर काही वर्षांनी बदलत राहायची! घरी लिथियम बॅटरी घेतली तर घट कमी होते आणि पाच-साडेपाच युनिटांच्या बॅटरीत भागते. पण दुसरी बॅटरी चुकत नाही, आणि भाजीवाल्यांचा प्रश्नही तसाच राहतो.

याउलट हीच गाडी दूधवाल्याकडे आहे असे समजा. पहाटे सहाला संकलन केंद्रावर, साडेआठला घरी. पुन्हा संध्याकाळी पाचला बाहेर. मधले साडेआठ तास गाडी अंगणात उभी, आणि तेच उन्हाचे तास. इथे घरच्या बॅटरीचा वळसा बहुतांश टळतो. ८ ऐवजी ६.३ युनिटांत काम होते आणि चार जादा बॅटऱ्या विकत घ्याव्या लागत नाहीत.

दूधवाल्याचा आणखी एक फायदा आहे, जो आम्हाला फार उशिरा कळला. लाइनशी न जोडलेल्या घरात दुपारी बरीच वीज वाया जात असते. घरची बॅटरी भरत आली की कंट्रोलर प्रवाह आवरता घेतो. शेवटचा पाचवा हिस्सा तर शिसे-आम्लाची बॅटरी फारच सावकाश घेते. त्या वेळी छपरावर ऊन लख्ख असते, पण पॅनेलातून वीज काढून घेणारे कुणी नसते. लाइनवरच्या घराची उरलेली वीज लाइनमध्ये जाते. वस्तीवरच्या घराला अशी सोय नाही. दुपारी अंगणात उभी असलेली गाडी ही वाया जाणारी वीज पिऊ शकते. तक्त्यात हा मुद्दा असता, तर पहिला क्रमांक आम्ही आजही आनंदाने दिला असता.

आता दुसरी चूक. वर्गात ती समजावणे कठीण जाते, पण विज्ञानाच्या दृष्टीने महत्त्वाची तीच. तक्त्यावर एका ठिकाणी ‘५ किलोवॅट वीज साठते’ असे लिहिले होते. किलोवॅट हे शक्तीचे, म्हणजे वीज वापरण्याच्या वेगाचे माप. साठते ती ऊर्जा, तिचे माप किलोवॅट-तास, म्हणजे आपले युनिट. ‘परीक्षेत अर्धा गुण जातो, एवढेच,’ असे आम्हीही म्हणत आलो. वस्तीवरच्या घरात मात्र या गोंधळाची किंमत अंधार असते.

विहिरीचे उदाहरण घ्या. दिवसभरात झऱ्याने विहिरीत भरपूर पाणी येते, पण मोटरीचा उपसा झऱ्याच्या वेगाहून जास्त असेल तर तासाभरात विहीर तळाला जाते आणि मोटर हवा ओढू लागते. दिवसाचे एकूण पाणी पुरेसे असूनही! पॅनेल हा झरा, चार्जर ही मोटर. आपल्या गाडीचा चार्जर सुमारे दोन किलोवॅट ओढतो असे धरू. सव्वा किलोवॅटचे पॅनेल ऐन दुपारीही एक किलोवॅटच्या आतच देते. उरलेले लाइनवरच्या घरात लाइनमधून येते. वस्तीवर ते घरच्या बॅटरीतून येते, म्हणजे भर दुपारी बॅटरी रिकामी होऊ लागते. इन्व्हर्टर लहान असेल तर तो सरळ बंद पडतो. ढग आला तर काय होईल हे सांगायलाच नको.

म्हणून इथे सर्वांना आवडणारा ‘झटपट चार्जर’ वाईट ठरतो. सहाशे-सातशे वॅटचा सावकाश चार्जर सहा-सात तास चालवला तर तेवढीच युनिटे झऱ्याच्याच वेगाने गाडीत जातात. अर्थात चार्जर गाडी बनवणाऱ्याने त्या बॅटरीसाठी मान्य केलेलाच असावा. पॅनेलाच्या तारा थेट गाडीच्या बॅटरीला लावण्याचा प्रयोग शाळेत किंवा घरी कुणी करू नये. लिथियम बॅटरीला व्होल्टचा थोडाही अतिरेक सोसत नाही, आणि शिसे-आम्लाची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते.

तक्त्यातल्या गाडीच्या टपावरही एक पॅनेल काढले होते. ‘सनरेसर’च्या फोटोचा हा परिणाम असावा. ती गाडी एका चालकापुरती, अतिशय हलकी, वारा कापण्यासाठी सपाट केलेली. आपल्या तीनचाकीला पाच क्विंटल माल न्यायचा असतो. टपाची जागा दोन चौरस मीटर धरली तर पॅनेल ४०० वॅटचे बसेल, दिवसाला दीड युनिट देईल, आणि तेवढ्यात गाडी सोळा-सतरा किलोमीटर जाईल. तेही गाडी दिवसभर उन्हात उभी केली तर. बाजारात भाजीची गाडी उन्हात कोण उभी करतो?

राहिला पावसाळा. वर्षाची सरासरी ५ तास ऊन हे महाराष्ट्रासाठी ढोबळमानाने ठीक आहे, पण सरासरीवर लाइनवाल्याने जगावे. वस्तीवरचे घर आषाढातल्या सलग चार काळ्या दिवसांवर जगते. त्या दिवसांत पॅनेल सरासरीच्या पाचव्या हिश्शाइतकेही देत नाही, दूध मात्र रोज निघते. अशा वेळी गाडी आणि घर एकाच बॅटरीवर असतील तर गाडी जिंकते, कारण पैसा गाडी आणते. मुलीच्या अभ्यासाचा दिवा हरतो. तक्त्यावर ‘प्रदूषणमुक्त, खर्चमुक्त’ असे लाल अक्षरात लिहिले होते. हा खर्च कुणाच्या वाट्याला येतो हे त्यात दिसत नव्हते. घरच्या दिव्यांची बॅटरी गाडीपासून तोडून वेगळी ठेवावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सौर कृषिपंपाचे काय, असे काही शिक्षकमित्रांनी विचारले. प्रश्न रास्त आहे. महाराष्ट्रात असे पंप आता अनेक शेतांत आहेत. ५ अश्वशक्तीच्या पंपाला सुमारे ४.८ किलोवॅटची पॅनेले असतात, आणि पावसाळ्यात पंप बहुधा बंद असतो. इतकी मोठी पॅनेले असली, की अगदीच काळवंडलेले दिवस सोडता ढगाळ हवेतही गाडीपुरती वीज निघू शकते. पण पंपाचा साधा कंट्रोलर पंपच चालवतो. पीठगिरणी, कडबाकुट्टी, बॅटरी चार्जर अशी कामे घ्यायची तर ‘युनिव्हर्सल सोलर पंप कंट्रोलर’ लागतो. शिवाय पंप विहिरीवर आणि गाडी घरी, हे अंतरही असतेच.

त्या दोन मुलांशी पुढे आम्ही पुन्हा बोललो. त्यांनी तक्त्याच्या खाली चोवीस चौकोनांची एक पट्टी आखली : वरच्या ओळीत ऊन, त्याखाली दूधवाल्याची गाडी, त्याखाली भाजीवाल्यांची. गाडी घरी असलेले तास हिरवे. शाळेतल्या १० वॅटच्या पॅनेलाला एक दिवा जोडून सकाळी सात ते संध्याकाळी सहा दर तासाला व्होल्ट आणि अँपिअर मोजले, आणि गुणाकाराचा आलेख वरच्या ओळीवर चढवला. एकदा एका घटावर तळहात धरला तेव्हा प्रवाह इतका घसरला की मीटर बिघडला असे त्यांना वाटले. झाडाच्या एका फांदीची सावली काय करते ते त्यांना आता सांगावे लागत नाही.

भाजीवाल्यांच्या ओळीत ऊन आणि हिरवा रंग यांची गाठ सकाळी फक्त दीड तास पडत होती. मुलांनी त्यांना सांगितले, “काका, तुमचा बाजार भरतो त्या गावात लाइन आहे. गाळ्याशेजारी पंधरा अँपिअरचा सॉकेट मिळाला तर दुपारी तिथेच लावा. पॅनेल घरच्या दिव्यांना राहू दे.” त्यांनी गाडी घेतली आहे. शेजारच्या दुकानदाराशी युनिटामागे दर ठरवून ते तिथेच चार्ज करतात.