बहुघटक प्रणालींच्या देखभालीची प्रारूपे आणि खराडीचा पाणीपुरवठा : एक चिकित्सा

प्रस्तावना

अनेक घटकांनी बनलेल्या अभियांत्रिकी प्रणालीची देखभाल केव्हा व किती खर्चात करावी, या प्रश्नाचा अभ्यास सहा दशकांहून अधिक काळ चालू आहे. बार्लो व हंटर यांनी १९६० साली प्रतिबंधात्मक देखभालीचा इष्टतम कालावधी काढण्याची गणिती रीत मांडली. थॉमस यांनी १९८६ च्या आढाव्यात घटकांमधील परस्परावलंबनाचे आर्थिक, संरचनात्मक व संभाव्यतामूलक असे तीन प्रकार केले. डेकर व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये त्यांपैकी आर्थिक अवलंबनाच्या प्रारूपांचा स्वतंत्र आढावा घेतला. या विचारपरंपरेचे सामर्थ्य व मर्यादा पुणे शहराच्या पूर्वेकडील खराडीच्या पाणीपुरवठ्याच्या संदर्भात तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रारूपांचे सामर्थ्य

खराडी, वडगाव शेरी व परिसरासाठीची भामा आसखेड योजना जानेवारी २०२१ मध्ये कार्यान्वित झाली. दररोज २०० दशलक्ष लिटर क्षमतेच्या या योजनेत धरणावरील पंप, वीजपुरवठा, जलशुद्धीकरण केंद्र, मुख्य जलवाहिनी व साठवण टाक्या अशी साखळी आहे. साखळीची एक कडी थांबली, की पुढचे सारे थांबते.

देखभाल-दुरुस्तीसाठी पुणे महानगरपालिका अनेकदा गुरुवारी पाणीपुरवठा बंद ठेवते. विद्युत, पंपिंग व स्थापत्यविषयक कामे त्या एका दिवसात उरकली जातात. शुक्रवारी पाणी उशिरा व कमी दाबाने येते. ही पद्धत आर्थिक अवलंबनाच्या सिद्धांताचे बोलके उदाहरण आहे. प्रणाली बंद करण्याचा खर्च एकदाच होतो आणि तो अनेक कामांत विभागला जातो. एका घटकासाठी बंद घ्यावाच लागला, तर इतर घटकांची कामे मुदतीपूर्वी करून घेणे फायद्याचे ठरते, हे प्रारूपे नेमकेपणाने दाखवतात.

मर्यादा

मात्र येथे तीन प्रश्न उपस्थित होतात.

पहिला प्रश्न खर्च कोणाचा, हा. या प्रारूपांत सामान्यतः देखभाल करणाऱ्या संस्थेचा खर्च मोजला जातो. बंदच्या दिवशी टँकर मागवणाऱ्या गृहरचना संस्थेचा, पाणी भरून ठेवण्यास पुरेशी भांडी नसलेल्या घराचा किंवा कामावरची खाडी सोसणाऱ्या मजुराचा खर्च त्या समीकरणात येत नाही. कारखान्यात यंत्र बंद पडल्याचा तोटा मालकालाच होत असल्याने ही उणीव तेथे जाणवत नाही. सार्वजनिक सेवेत ती निर्णायक ठरते.

दुसरा प्रश्न देखभालीच्या दुष्परिणामांचा. वाहिनी रिकामी करून पुन्हा भरताना आत हवा अडकते, दाबाचे धक्के बसतात आणि सांधे कमकुवत होतात. दाब नाहीसा झाल्यावर गळतीच्या जागेतून बाहेरचे दूषित पाणी आत शिरू शकते. म्हणजे बंदमुळे एका बाजूने पंपांची काळजी घेतली जाते आणि दुसऱ्या बाजूने वाहिनीचे आयुष्य खर्ची पडते. आर्थिक व संभाव्यतामूलक अवलंबन येथे एकमेकांत गुंतलेले आहे. त्यांचा वेगवेगळा विचार करणारे प्रारूप एकत्रीकरणाचा लाभ वाढवून दाखवते. नोलन व हीप यांच्या १९७८ च्या अहवालानेही असाच इशारा दिला होता. त्यांनी अभ्यासलेल्या विमानभागांपैकी सुमारे ११ टक्के भागांतच वयानुसार झिजण्याचा स्पष्ट कल आढळला. बहुसंख्य भागांत बिघाडाची शक्यता बसवल्यानंतरच्या सुरुवातीच्या काळात अधिक होती. विमानाचे निष्कर्ष जलवाहिनीला जसेच्या तसे लागू होत नाहीत. परंतु वारंवार हात लावणे म्हणजे उत्तम देखभाल, हा समज त्यांनी मोडीत काढला.

तिसरा प्रश्न रचनेचा. राखीव पंप असेल, तर एका पंपाची दुरुस्ती पुरवठा न थांबवता करता येते. मुख्य वाहिनी किंवा मुख्य वीजजोडणी यांना मात्र पर्याय नसल्यास बंद अटळ असतो. दोन्ही प्रकारची कामे एकाच यादीत घातल्यास बंदची खरी गरज किती, हे कळत नाही. अशा ठिकाणी वेळापत्रक सुधारण्यापेक्षा समांतर जोडणी व विभागवार झडपा बसवणे अधिक हितकारक ठरू शकते. पण रचना स्थिर धरून चालणाऱ्या प्रारूपांना हा पर्याय दिसतच नाही.

निष्कर्ष

या उणिवांमुळे गणिती प्रारूपे निरुपयोगी ठरत नाहीत. त्यांच्याविना देखभाल केवळ सवयीवर चालेल. परंतु ‘इष्टतम’ हे विशेषण कोणाच्या दृष्टीने, हे सांगितल्याशिवाय अपुरे आहे. प्रत्येक बंदमध्ये कोणते काम झाले, त्यास किती तास लागले, दाब पूर्ववत केव्हा झाला आणि पुढील आठवड्यात गळतीच्या किती तक्रारी आल्या, या चार नोंदी सातत्याने ठेवल्या, तर बंदचा लाभ व हानी एकाच तराजूत तोलता येतील. अभियांत्रिकी, संख्याशास्त्र व अर्थशास्त्र या विभागांनी मिळून हाती घ्यावा, असा हा अभ्यासविषय आहे. त्यात नागरिकाचा वाया गेलेला दिवस खर्चाच्या रकान्यात आला, तरच निघणारे उत्तर खराडीच्या उपयोगाचे ठरेल.