शेजारधर्माची भाषा : फादर दिब्रिटो यांच्या लेखनातील नीतिविचार

धर्मनिष्ठ लेखकाच्या साहित्याचे मूल्यमापन करताना मराठी समीक्षेपुढे नेहमीच एक अडचण उभी राहते. त्याची श्रद्धा आदरपूर्वक बाजूस ठेवून केवळ भाषासौंदर्य पाहिले, तर लेखनाचे प्रयोजनच निसटते. श्रद्धेलाच प्रमाण मानले, तर समीक्षेचे प्रवचन होते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो (1942–2024) यांच्या बाबतीत ही अडचण अधिकच तीव्र होते. त्यांच्यामध्ये धर्मगुरू, संपादक, आंदोलक आणि लेखक या चार भूमिका एकत्र आल्या होत्या. या भूमिकांना जोडणारे सूत्र कोणते, आणि ते त्यांच्या लेखनात कितपत सिद्ध होते, हा खरा वाङ्मयीन प्रश्न आहे.

मराठीतील ख्रिस्ती साहित्याच्या परंपरेत हा प्रश्न ठेवून पाहिला असता एक वेगळेपण लक्षात येते. थॉमस स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ (1616) नवख्रिस्ती श्रोत्यांसाठी रचले गेले. बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’मध्ये (1857) विधवांच्या दुःखाचे दर्शन आणि नव्या धर्माची ओढ या गोष्टी परस्परांत गुंतलेल्या आहेत. रेव्हरंड ना. वा. टिळक आणि पंडिता रमाबाई यांच्या जीवनातही धर्मांतर हा निर्णायक क्षण आहे. या परंपरेत ख्रिस्ती नीती बहुधा एका उंबरठ्यावर उभी असते. काय सोडले आणि काय स्वीकारले, या ताणातून तिचा आविष्कार होतो.

दिब्रिटो यांच्याकडे हा उंबरठा नाही. त्यांचा जन्म वसईतील नंदाखालचा. तेथील चर्च सोळाव्या शतकातले. घराघरांतून सामवेदी बोली, भोवती वाड्या, विहिरी आणि केळीच्या बागा. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली श्रद्धा जेथे शेतीइतकीच अंगवळणी पडलेली असते, तेथे नीतीचा प्रश्न श्रद्धा स्वीकारण्याचा राहत नाही. ती वागविण्याचा होतो. हा प्रश्न वरवर सोपा, परंतु वस्तुतः अधिक अवघड आहे. धर्मांतरिताला आपल्या निवडीचे समर्थन करावे लागते. जन्मतः ख्रिस्ती असणाऱ्याला आपल्या सवयीचीच परीक्षा द्यावी लागते.

या परीक्षेचे माप लूकच्या शुभवर्तमानातील दयाळू शोमरोन्याच्या दाखल्यात सापडते. ‘माझा शेजारी कोण’ असा प्रश्न एक शास्त्री विचारतो. कथा सांगून झाल्यावर येशू तो प्रश्नच उलटा करतो : जखमी वाटसरूचा शेजारी कोण झाला? शेजारी मुळातच असतो असे नव्हे. तो व्हावे लागते. शिवाय त्या वाटेवरून आधी न थांबता गेलेल्यांत एक धर्मगुरूच होता, ही गोष्ट धर्मगुरूच्या पेशातील लेखकाला विसरता येण्याजोगी नाही.

दिब्रिटो यांचे संपादन, आंदोलन आणि अनुवाद ही या ‘शेजारी होण्या’ची तीन रूपे मानता येतील. 1983 ते 2007 या काळात त्यांनी ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादन केले आणि धर्मप्रांताच्या या नियतकालिकाची दारे व्यापक मराठी लेखकवर्गाला खुली केली. 1980च्या दशकाच्या अखेरीस वसईची शेतजमीन आणि भूजल यांवर नागरीकरणाचे संकट आले, तेव्हा ‘हरित वसई संरक्षण समिती’च्या लढ्याचे त्यांनी नेतृत्व केले. येथे शेजारधर्म उपदेशापुरता राहिला नाही. विहिरीतले पाणी कोणाचे, हा रोखठोक प्रश्न त्याला भिडला. ‘सुबोध बायबल’ या त्यांच्या अनुवादाला साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. त्याच्या नावातील ‘सुबोध’ हे विशेषण केवळ शैलीचे वर्णन नव्हे. ज्याला चर्चची परिभाषा परकी आहे अशा वाचकाच्या दिशेने टाकलेले ते पाऊल आहे. भाषेची निवड हीच येथे नैतिक कृती ठरते.

मात्र या लेखनाची मर्यादाही याच ठिकाणी सुरू होते. ‘नाही मी एकला’ हे आत्मकथनाचे शीर्षक ‘मी’ला आरंभीच समूहात नेऊन ठेवते. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’शी तुलना केल्यास फरक स्पष्ट होतो. रेव्हरंड टिळकांच्या औदार्याचा भार संसारावर कसा पडला, हे लक्ष्मीबाई हसत हसत, परंतु अचूक सांगतात. तेथे नीतीला घरातलाच साक्षीदार लाभला आहे. ब्रह्मचारी धर्मगुरूच्या आत्मकथनाला असा साक्षीदार मिळत नाही. त्याच्या सद्‌गुणाची किंमत दुसऱ्या कोणी मोजून दाखवत नाही. त्यामुळे व्यक्तिगत नीतीचा पडताळाही वाचकाला सार्वजनिक जीवनातच शोधावा लागतो. प्रसन्न, समंजस शैली ही दिब्रिटो यांची शक्ती खरी. पण संघर्षाच्या वर्णनात तीच शैली कधी कधी जखमेवर लवकर पट्टी बांधते. जमीन घेणाऱ्याप्रमाणेच विकणाराही असतो, आणि तो त्याच चर्चमध्ये शेजारच्या बाकावर बसलेला असू शकतो. हा आतला संघर्ष अधिक उघड्या शब्दांत यावयास हवा होता, असे वाटल्यावाचून राहत नाही.

जानेवारी 2020 मध्ये उस्मानाबाद येथे भरलेल्या 93व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. एका धर्मगुरूच्या या निवडीला काही संघटनांनी विरोध केला. प्रकृती साथ देत नसतानाही ते व्यासपीठावर आले आणि हिंसेविरुद्ध बोलले. समन्वयाच्या भाषेला तेथे धोक्याची धार आली. लेखनात जो साक्षीदार उणा होता, तो या प्रसंगी सभेच्या रूपाने लाभला.

म्हणून दिब्रिटो यांच्या लेखनाचे मोल केवळ सर्वधर्मसमभावाच्या सोयीस्कर चौकटीत करणे अपुरे ठरेल. आपली श्रद्धा न झाकता आणि दुसऱ्यावर न लादता सार्वजनिक भाषेत कसे बोलावे, ही त्यांच्यापुढील समस्या होती. तिचे उत्तर त्यांनी पूर्णपणे दिले असे नाही. परंतु ती समस्या मराठी साहित्याची स्वतःचीच समस्या आहे, हे त्यांनी दाखवून दिले. शेजारी कोण, हा प्रश्न आता वाचकाकडे आला आहे.