झाकलेलं शस्त्र, उघडा कागद



पुस्तकाची समीक्षा होते, नाटकाची होते. तशी वस्तूचीही करता येते. ती कोणासाठी घडवली, तिला नाव काय दिलं, किंमत किती ठेवली, कोणत्या कायद्याच्या दारातून ती हातात येते, हे सगळं वाचता येतं. आज आम्ही ज्या वस्तूबद्दल बोलणार आहोत ती म्हणजे कपड्याखाली झाकता येणारं लहान पिस्तूल. विषय ऐकून काही जणांच्या भुवया वर गेल्या, ते आम्ही पाहिलं. पण विषय आम्ही शोधून काढलेला नाही, तो आमच्या घरी चालत आला.

झालं असं, की आमचा एक जुना विद्यार्थी मागच्या पावसाळ्यात भेटायला आला. वसमतकडे हळदीचा व्यापार करतो. बारावीला आमच्याकडे तर्कशास्त्र होतं त्याला. चहा झाला, तब्येतीची विचारपूस झाली आणि मग म्हणाला, "सर, एक लहानसं पिस्तूल घ्यावं म्हणतो. कोणाला दिसलं नाही पाहिजे असं. कोणतं घ्यावं?" त्याच्या मुनिमाला औंढ्याच्या रस्त्यावर दोघांनी अडवून लुटलं होतं. डोळ्यात तिखट टाकलं, पिशवी हिसकली, गेले.

आता कबूल करतो. आम्ही त्याला लगेच उपदेश केला नाही. त्याने मोबाईलवर चित्रं दाखवली आणि अर्धा तास आम्ही दोघं निवड करत बसलो. हे जड, ते हलकं, हे महाग. मजा येते हो निवड करायला! तो गेल्यावर लक्षात आलं, की या अर्ध्या तासात भीतीचा विषयच निघाला नाही. माणूस घाबरून आला होता आणि आम्ही वजनाबद्दल बोलत होतो. आजचं व्याख्यान त्या अर्ध्या तासाची दुरुस्ती समजा.

आधी निवड किती आहे ते पाहू, कारण ती फार नाही. ज्या बोअरमध्ये सैन्याची आणि पोलिसांची काडतुसं चालतात, ती सामान्य नागरिकाला बंद आहेत. म्हणजे ९ मिलिमीटर नाही, .३८ नाही, .४५५ नाही. परदेशी पिस्तूल आयात करणं ऐंशीच्या दशकापासून सामान्य माणसाला जवळपास बंदच आहे. त्याआधी देशात आलेली जुनी पिस्तुलं हातोहात फिरतात, पण त्यांचे भाव जमिनीसारखे. राहिलं .३२ आणि .२२. त्यात सरकारी आयुध निर्माणीचं .३२ चं नेहमीचं रिव्हॉल्वर, 'अशनी' नावाचं पिस्तूल, २०१४ साली कानपूरहून आलेलं ५०० ग्रॅम वजनाचं 'निर्भीक', ईशापूरचं .२२ चं त्याहून हलकं 'निडर' आणि २०२३ मधलं 'प्रबल'. अलीकडे खासगी कारखानेही उतरले आहेत. पण एकूण दुकान लहानच.

त्यातही रिव्हॉल्वर घ्यायचं की पिस्तूल, हा खरा प्रश्न असतो. रिव्हॉल्वर समजायला सोपं. एखादं काडतूस उडालं नाही तर पुन्हा चाप ओढायचा, पुढचं समोर येतं. पण त्याचं गोल पोट शर्टाखाली लपत नाही. पिस्तूल चपटं, अंगालगत बसतं, मात्र त्याला सराव लागतो, आणि काडतूस मध्येच अडकलं तर ते मोकळं करायला दोन्ही हात लागतात. मोटारसायकलवर, डोळ्यात तिखट असताना, दोन्ही हात कुठून आणायचे? शस्त्र हलकं घेतलं तर वागवायला बरं, पण त्याच काडतुसाचा झटका हलक्या शस्त्रात मनगटाला जास्त बसतो. म्हणजे जे दिवसभर सोयीचं, ते नेमकं त्या एका क्षणी अवघड. सोय आणि उपयोग यांची दिशा इथे उलटी आहे.

आता नावं बघा. अशनी म्हणजे वीज. ठीक आहे, ते वस्तूचं नाव आहे. पण निर्भीक, निडर, प्रबल? ही माणसाची विशेषणं आहेत. लोखंड निर्भीक नसतं. भिणंच त्याला ठाऊक नाही, तर न भिणं कुठून असणार? तर्कशास्त्रात याला कोटिदोष म्हणतात. एका जातीच्या वस्तूला दुसऱ्या जातीचा गुण चिकटवायचा. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीची यादी आहे, तिची सुरुवात अभयापासून होते. ॲरिस्टॉटलने धैर्य हे भ्याडपणा आणि बेफिकिरी यांच्या मधलं मानलं, आणि ते सवयीने अंगी येतं असं सांगितलं. दोघांच्याही हिशेबात ही दुकानात मिळणारी गोष्ट नाही.

'निर्भीक'ची कथा तर जास्तच बोलकी आहे. दिल्लीत डिसेंबर २०१२ मध्ये जी घटना झाली, तिच्यानंतर स्त्रियांसाठी म्हणून हे रिव्हॉल्वर पुढे आणलं. नाव त्या मुलीला लोकांनी दिलेल्या नावाच्या अर्थाचं. दागिन्याच्या डबीसारख्या डबीत ते यायचं. किंमत होती १ लाख २२ हजारांच्या वर. आता आपल्या सेनगाव-कळमनुरीकडून उसतोडीला जाणारी बाई डोळ्यांसमोर आणा. अर्धवट बांधलेल्या खोपीत राहते, पहाटे फडात जाते. तिच्या हातात ही डबी येणार का? दुसरी गोष्ट म्हणजे, राष्ट्रीय गुन्हेनोंद वर्षानुवर्षं सांगते, की बलात्काराच्या बहुतेक प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. नात्यातला, शेजारचा, कामावरचा. त्याच्यासमोर कमरेचं शस्त्र काढायचं म्हणजे काय, याचा विचार त्या डबीत कुठेच नव्हता. एका समाजाने आपली जबाबदारी ५०० ग्रॅमची केली आणि ती बाईच्या पर्समध्ये ठेवून दिली. ही आमची टीका आहे, आणि ती आम्ही कडक शब्दांत करतो.

आता कायद्याकडे येऊ. १९५९ चा शस्त्र अधिनियम. लोक म्हणतात कायदा कडक आहे. आहेच. पण तो वाचण्यासारखाही आहे. त्याच्या तेराव्या कलमात एक सुंदर फरक केलाय. किमान २० इंच नळीची साधी बंदूक संरक्षणासाठी किंवा खेळासाठी हवी असेल, किंवा पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक हवी असेल, तर दुसरी काही अडचण नसल्यास परवाना द्यावा. बाकी शस्त्रांसाठी मात्र अर्जदाराकडे 'योग्य कारण' आहे, अशी अधिकाऱ्याची खात्री पटली पाहिजे. पिस्तूल आलं या 'बाकी'मध्ये. आणि सहावं कलम सांगतं, की बंदुकीची नळी परवानगीशिवाय कापून आखूड करायची नाही.

म्हणजे कायद्याच्या हातात इंचपट्टी आहे. जे लांब, ते चारचौघांना दिसतं. रानडुकरं हाकायला बंदूक घेऊन निघालेला माणूस अख्ख्या गावाला दिसतो. जे आखूड, ते लपतं, म्हणून त्याचं कारण सांगा. आमच्या मते ही इंचपट्टी म्हणजे एक नीतिविचारच आहे. इमॅन्युएल कांटने १७९५ साली चिरंतन शांतीवर एक छोटा ग्रंथ लिहिला. त्यात तो एक कसोटी देतो. इतरांच्या हक्काशी संबंध असलेलं ज्या कृतीचं सूत्र जाहीर करता येत नाही, ती कृती अन्याय्य. आपल्या भाषेत सांगायचं तर, चावडीवर सांगता येतं का?

पण मग पुढे गंमत होते. २०१६ चे शस्त्रनियम म्हणतात, की सार्वजनिक ठिकाणी हातातलं शस्त्र न्यायचं असेल तर ते म्यानात, पूर्ण झाकलेलं पाहिजे आणि तुमच्या ताब्यात पाहिजे. म्हणजे जे लपतं म्हणून संशय घेतला, तेच लपवा म्हणून आज्ञा! विसंगती वाटते ना? आम्हालाही आधी वाटली. नीट पाहिलं तर तो एक सौदा आहे. कमरेला झाकायचं असेल तर कचेरीत उघडं व्हावं लागतं. अर्ज, पोलिसांचा अहवाल, प्रकृतीचा आणि मनःस्थितीचा दाखला, शस्त्र हाताळण्याचं प्रशिक्षण, राष्ट्रीय नोंदीतला क्रमांक. शेजाऱ्याला दिसणार नाही, पण शासनाला सगळं दिसेल. शिवाय निवडणूक आली की ठाण्यात जमा करायची नोटीस येऊ शकते. आणि आपल्याकडे निवडणूक कधी नसते? (हशा)

हा सौदा लोक दोन्हीकडून मोडतात. २०२४ च्या डिसेंबरात मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली, त्यानंतर आपल्याच मराठवाड्यातल्या बीडमधले शस्त्रपरवाने चर्चेत आले. एका जिल्ह्यात हजाराहून जास्त परवाने! हवेत गोळ्या झाडतानाचे व्हिडिओ घरोघर पोहोचले. मग फेरतपासणी झाली, बरेच परवाने रद्द झाले. ज्यांनी कारण म्हणून 'जीवितास धोका' लिहिलं होतं, त्यांना शस्त्र झाकायचं नव्हतंच, मिरवायचं होतं. २०१९ च्या दुरुस्तीने अशा आनंदाच्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, ठेवलेले आहेत, तरीही.

आणि कागद पूर्ण असला म्हणजे भागलं, असंही समजू नका. त्यासाठी लांब जायला नको, याच हिंगोलीत या. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या भागात इथे हैदराबादच्या फौजेची छावणी होती. निजामाच्या नोकरीतला अधिकारी मेडोज टेलर याने १८३९ साली 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' ही कादंबरी छापली. तिच्या प्रस्तावनेत तो हिंगोलीची हकीकत देतो. हरी सिंग नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी इथे होता. खुद्द टेलरचा त्याच्याशी देणंघेणं करण्याइतका परिचय. या हरी सिंगाने कॅप्टन रेनॉल्ड्स या मुलकी अधिकाऱ्याकडून मुंबईचं कापड आणायचा परवाना घेतला. कापड दुसऱ्याच व्यापाऱ्याचं होतं. वाटेत त्याला आणि त्याच्या माणसांना मारलं, माल त्या परवान्यावर हिंगोलीत आणला आणि छावणीत उघड विकला. तो ठगांचा म्होरक्या होता. छावणीच्या बाजारात, मुख्य पहाऱ्यापासून शंभर यार्डांच्या आत त्याच्या टोळीने माणसं मारली होती. ती थडगी उकरताना टेलर स्वतः हजर होता.

ठगाचं हत्यार कोणतं? रुमाल. त्याहून लहान, त्याहून झाकलेलं शस्त्र अजून कोणत्या कारखान्याने काढलेलं नाही. कॅप्टनच्या दप्तरात सगळं होतं, नाव, माल, मार्ग. नव्हतं ते फक्त कारण. म्हणून सांगतो, परवान्याच्या अर्जातला सगळ्यात जड शब्द बोअर नाही, 'योग्य कारण' हा आहे. आणि आपण तोच रकाना तीन शब्दांत भरून मोकळे होतो.

इथे कोणी म्हणेल, "सर, तुमचं ठीक आहे, तुमच्याकडे लुटण्यासारखं काय आहे?" बरोबर आहे. आमच्याकडे पुस्तकं आहेत, ती कोणी नेत नाही. आम्ही शस्त्र न धरण्याचं व्रतही घेतलेलं नाही. कायदा स्वसंरक्षणाचा हक्क देतो, जबरी चोरीत तर तो फार दूरपर्यंत जातो. भारतीय न्याय संहितेतही तो टिकला आहे, आणि गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही ही मर्यादाही टिकली आहे. हॉब्जने १६५१ साली विचारलं होतं, की प्रवासाला निघताना हत्यार घेणारा, झोपताना कडी लावणारा माणूस आपल्या बांधवांबद्दल काय मत बाळगतो? हा प्रश्न बोचरा आहे, पण कडी आपण सगळेच लावतो. तेव्हा हळदीच्या व्यापाऱ्याला भित्रा म्हणण्याचा अधिकार आम्हाला नाही.

मग आम्ही त्याला पुन्हा बोलावलं. म्हटलं, "मागच्या वेळी तू विचारलंस कोणतं घेऊ. आता आम्ही विचारतो. पैसा रोख का नेतोस?" तो म्हणाला, "सर, शेतकरी रोखच मागतात. खात्यात टाकले की बँक पीककर्जात वळते करते. पोरीचं लग्न असतं, बियाणं घ्यायचं असतं." बघा, पिस्तुलाच्या मागे रोकड, रोकडीच्या मागे कर्ज. हे कारण कोणत्याही रकान्यात मावत नाही.

दुसरा प्रश्न विचारला, "लुटला गेला मुनीम आणि पिस्तूल असणार तुझ्या कमरेला. परवाना तुझ्या नावाचा, तो मुनिमाच्या हाती देता येत नाही. मग वाचणार कोण?" तो गप्प बसला. तिसरा, "रात्री घरात कुठे ठेवशील? नातवाचा हात पोहोचणार नाही आणि तुझा पोहोचेल, अशी जागा दाखव." आणि शेवटी म्हटलं, "तुझं कारण एका कागदावर पूर्ण वाक्यांत लिही. घरी बायकोला वाचून दाखव, मुनिमाला दाखव. त्यांच्यासमोर ते टिकलं तर कलेक्टरसमोर ने."

पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला. बायकोने कागद ऐकून एवढंच विचारलं म्हणे, "म्हणजे मुनिमाला परत एकट्यालाच धाडणार का तुम्ही?" आता दोन माणसं जातात, वेळ बदलून जातात, रक्कम कमी नेतात. भीती गेलेली नाही, पण ती आता तिघांत वाटली गेली आहे.

त्याने पुढे अर्ज केला की नाही, ते आम्ही सांगणार नाही. आम्हाला ठाऊक आहे. पण ते कचेरीला सांगायचं असतं, सभेला नाही, आणि झाकण्याचा तेवढा हक्क कायद्यानेच त्याला दिला आहे.

आम्ही इथे थांबतो. काही प्रश्न असतील तर विचारा. फक्त "कोणतं घ्यावं" हा सोडून.