मामा, मावशी आणि 'समावेशन'

गेल्या महिन्यात आमच्या हॉस्पिटलात ट्रेनिंग झालं. विषय : कामाच्या ठिकाणी सांस्कृतिक वैविध्य आणि समावेशन. एक गुळगुळीत पुस्तिका वाटली. मी ती कवितासंग्रह वाचावा तशी पेन्सिल घेऊन वाचली. भाषा आहे, प्रांत आहे, पेहराव आहे, खाद्यसंस्कृतीसुद्धा आहे. 'जात' हा शब्द एकदाही नाही. मुखपृष्ठावर नवरात्रातल्या एकाच रंगाच्या साड्या नेसून सिस्टर्स हसतायत. म्हणजे वैविध्य हे असं. दसऱ्याला ओटीतल्या कात्र्या-चिमट्यांना हळदकुंकू लागतं, ती संस्कृती. सहा डिसेंबरची रजा मागितली की इन्चार्ज विचारतात, 'काय काम आहे?'

पुस्तिका म्हणते, हॉस्पिटल हे कुटुंब आहे. बरं, कुटुंबाचंच बघू. वॉर्डात सफाईवाल्याला मामा म्हणतात, आयाबाईला मावशी. बाहेरच्याला वाटावं, काय जिव्हाळा! सर्जनला कुणी मामा म्हणताना ऐकलंय? ज्याचं नाव विचारायची गरज वाटत नाही त्याला नातं चिकटवायचं, झालं.

दोस्तहो, आता माझंही ऐका. मी बौद्ध. ब्रदर म्हणून नोकरीला. घरात बाबासाहेबांचा फोटो, चौदा एप्रिलला वर्गणी. आमच्या वॉर्डातले मामा मेहतर समाजाचे. त्यांचं नाव मला चार वर्षांनी कळलं, तेही पगारपत्रकावरून. त्यांच्या कपातला चहा मी कधी प्यालो नव्हतो. मला कुणी मनाई केली नव्हती. मग पुस्तिकेवर दात कोणत्या तोंडानं खायचे?

मामा रिटायर झाले, लाड-पागे समितीच्या शिफारशीनं मुलगा वारसाहक्कानं लागला. पोरगा बी.कॉम. हातात झाडूच. कायम नोकरी म्हणून सोडवत नाही. वतन गेलं म्हणतो आपण. हे मग काय आहे?

आणि आपलं साहित्य? आपल्या कवितेत मुडदेघर फार येतं. प्रतिमा म्हणून. कित्येक सरकारी दवाखान्यांत प्रेताची कवटी मामाच फोडतो, शिवतोही तोच, रिपोर्टवर सही डॉक्टरची. ती ड्यूटी त्याच्याच जातीला कशी लागते, यावर कवी गप्प. नुसत्या शिव्या घालून विद्रोह होत नाही राव.

खरं लेखन मला भलतीकडेच सापडलं. २००६ च्या आरक्षणविरोधी आंदोलनानंतर दिल्लीच्या एम्सची चौकशी करायला सुखदेव थोरात यांची समिती नेमली, तिचा २००७ चा अहवाल. रूक्ष सरकारी भाषा, पण काळीज कापते. विचारलेल्या दलित-आदिवासी विद्यार्थ्यांपैकी ६९ टक्के सांगतात, शिक्षकांची पुरेशी मदत नाही. ८४ टक्के सांगतात, प्रॅक्टिकल आणि तोंडी परीक्षेत न्याय नाही. लेखी पेपरावर नंबर असतो, तोंडी परीक्षेला आडनाव समोर उभं राहतं. होस्टेलात त्रास देऊन आपली पोरं ठरावीक मजल्यांवर ढकलली गेली, तेही त्यात आहे. म्हणजे गावकुसाबाहेरचा महारवाडा आता वरच्या मजल्यावर! कथाकारानं इतकं नेमकं लिहिलं असतं तर आपण त्याला डोक्यावर घेतलं असतं.

बारा वर्षांनी, २२ मे २०१९ ला मुंबईच्या नायरमध्ये डॉ. पायल तडवी गेली. जळगावकडची तडवी भिल्ल पोर, स्त्रीरोगशास्त्राचं एम.डी. करत होती. सीनियर्सनी जातीवरून छळल्याचा आरोप झाला, खटला उभा राहिला. तिच्यावर कविता पुष्कळ आल्या. बहुतेकींत ती ज्योत आहे, ठिणगी आहे. लेबर रूममध्ये रात्रपाळी करणारी, काम शिकू मागणारी डॉक्टर फार थोड्यांत आहे. आपणही तिचं प्रतीक करून मोकळे झालो.

संपादकांना एक विनंती. मामांच्या मुलाला मी लिही म्हणून मागं लागलोय. म्हणतो, शुद्धलेखन येत नाही. त्याच्याकडून दोन पानं जरी आली, तरी हे टिपण बाजूला काढा आणि ती छापा, आहेत तशी.