शिशाचे शिपाई, सोन्याचा भाव

इंग्लंडात पाऊस फार आणि बोलणं कमी. अशा देशातली माणसं बैठ्या खेळांकडे वळली नसती तरच नवल! आपली पचिसीसुद्धा त्यांनी सोडली नाही. १८९६ साली 'लूडो' म्हणून तिचं चक्क पेटंट घेतलं. पण खरी गंमत आहे ती चिमुकल्या शिपायांच्या लढायांची.

या लढायांचे मूळपुरुष एच. जी. वेल्स. पृथ्वीवर मंगळवासीयांची स्वारी आणूनही या गृहस्थाचं समाधान झालं नव्हतं. १९१३ साली त्यानं 'लिटल वॉर्स' नावाचं नियमांचं पुस्तक काढलं, तेही बारापासून दीडशे वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी! घरातलेच खेळण्यातले शिपाई, लाकडी ठोकळ्यांची घरं आणि स्प्रिंगच्या तोफा. खर्च जवळजवळ शून्य. त्यामागे त्याचा एक भाबडा हिशेब होता : ज्यांना लढायची खुमखुमी आहे त्यांनी ती इथं जमिनीवर जिरवावी, खऱ्या पोरांना मारू नये. सरकारी माणसांनी हे पुस्तक वाचलं नसावं. पुढच्याच वर्षी महायुद्ध सुरू झालं.

१९७५ साली लंडनमध्ये इयन लिव्हिंगस्टन, स्टीव्ह जॅक्सन आणि जॉन पीक या तीन मित्रांनी 'गेम्स वर्कशॉप' काढलं. अमेरिकेतून 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' आणून विकायचं. त्या पायी पहिल्या दोघांनी काही महिने व्हॅनमध्ये संसार केला म्हणतात. १९७८ साली हॅमरस्मिथला पहिलं दुकान निघालं, १९८३ साली 'वॉरहॅमर' आला, १९८७ साली त्याचा 'चाळीस हजार' नावाचा धाकटा भाऊ. आणि २०२४ च्या डिसेंबरात ही कंपनी लंडनच्या शेअरबाजारातल्या पहिल्या शंभरांत जाऊन बसली. व्हॅनमधून निघालेल्या माणसांचं हे बरं झालं. प्रश्न खेळाचा आहे.

आता दुकानाची तऱ्हा बघा. दुकानदार पोराला पहिला शिपाई फुकट देतो, ब्रश कसा धरायचा ते जीव लावून शिकवतो. इतका प्रेमळ दुकानदार आमच्याकडे दिवाळीतसुद्धा दिसत नाही! पहिली तपकीर नेहमी मित्राच्याच डबीतली असते. मग हळूहळू दुसरा शिपाई येतो, पाठोपाठ पलटण, मग रंग, ब्रश, नियमांचं पुस्तक. पुस्तक पाठ होतंय तोवर नवी आवृत्ती! 'चाळीस हजार'च्या २०२३ पर्यंत दहा आवृत्त्या निघाल्या. २०२० च्या नवव्या आवृत्तीत तर सैन्य रंगवलेलं असेल तर दहा गुण जास्त. म्हणजे पराक्रमापेक्षा गणवेशाला भाव. लष्करात असं चालत असेलही, पण खेळात?

माझी तक्रार महागाईची नाही. छंद स्वस्त असता तर बायकांनी त्याला नावं ठेवली नसती. तक्रार आहे ती अशी, की वेल्सच्या खेळात ठोकळ्याचा किल्ला व्हायचा आणि तो किल्ला आहे हे मुलगा ठरवायचा. इथं कंपनीच्या स्वतःच्या स्पर्धांत शिपाईसुद्धा कंपनीचाच लागतो. कल्पनाही खोक्यातून विकत घ्यायची म्हटल्यावर मग खेळणाऱ्यानं करायचं काय? फासे टाकायचे आणि पैसे टाकायचे.

तरीही या दुकानांना मी पूर्ण नापास करणार नाही. कारण त्यांत एक टेबल असतं. शेजाऱ्याशी हवामानापलीकडे अक्षर न बोलणारा इंग्रज त्या टेबलावर तीन तास एका अनोळखी पोराशी इंचाच्या टेपवरून हुज्जत घालतो. शाळेत ज्याला कुणी संघात घेत नाही, तो तिथं सेनापती असतो. हल्ली कॅफेसुद्धा निघालेत. ऑक्सफर्डला २०१३ पासून 'थर्स्टी मीपल्स' आहे. बसण्याचे पैसे द्या, कपाटातला हवा तो खेळ काढा, चहा मागवा. इथं कुणी कुणाचं सैन्य मोजत नाही.

तेव्हा निकाल असा : शिपायांना पस्तीस गुण, नियमपुस्तकांना भोपळा, टेबलाला पैकीच्या पैकी. माणसाला माणूस समोर बसून हवा असतो. मधे शिपाई ठेवायचे की पत्ते, हा तपशील.