किती सिगारेटींची हवा?

हवेच्या प्रदूषणाविषयी लिहिताना वृत्तपत्रांना एक तुलना फार आवडते. 'या शहरात एक दिवस श्वास घेणे म्हणजे इतक्या सिगारेटी ओढणे.' वाक्य चटकन पटते आणि लक्षातही राहते. पण बरोबरीचे चिन्ह दिसले की दोन्ही बाजूंची एकके तपासायची, हे आपण विद्यार्थ्यांना सांगतो. तीच कसोटी या वाक्याला लावून पाहू.

प्रथम आपल्या जिल्ह्यातले उदाहरण घेऊ. बंद खोलीत जाळलेली डासांची एक अगरबत्ती सुमारे शंभर सिगारेटींइतकी, असे पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे तेव्हाचे संचालक डॉ. संदीप साळवी यांनी २०११ च्या सुमारास सांगितले आणि ते देशभर छापून आले. त्यामागे खरे मोजमाप होते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चीन व मलेशियातील अगरबत्त्या तपासल्या होत्या. एका अगरबत्तीतून बाहेर पडणाऱ्या, अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कणांचे वजन ७५ ते १३७ सिगारेटी जाळल्यावर निघणाऱ्या कणांइतके भरले. येथे शब्द आहे 'जाळल्यावर'. बातम्यांत मात्र त्याचे 'ओढल्यावर' झाले. खोलीत जळलेल्या सिगारेटीचा धूर खोलीभर पसरतो व त्याचा लहानसा अंशच आपल्या फुप्फुसात जातो. ओढणाऱ्याचे तसे नसते, तो धूर थेट आत घेतो. म्हणजे ही तुलना धूम्रपानाशी नव्हतीच. ती होती परोक्ष धूम्रपानाशी, म्हणजे दुसऱ्याच्या विडी-सिगारेटीचा धूर नाकात जाण्याशी.

दुसरे उदाहरण अमेरिकेतले. बर्कली अर्थ या संस्थेने २०१५ साली एक ठोकताळा मांडला. हवेच्या दर घनमीटरमागे २२ मायक्रोग्रॅम बारीक कण असतील, तर ती हवा दिवसाला एका सिगारेटीबरोबर. आपल्याकडे या कणांची वार्षिक सरासरी मर्यादा ४० मायक्रोग्रॅम आहे. या हिशेबाने मर्यादेतल्या हवेतही रोज जवळजवळ दोन सिगारेटी झाल्या.

आता वर्गात फळ्यावर करता येईल असे गणित करू. प्रौढ माणूस दिवसाला सुमारे १८ घनमीटर हवा श्वासातून घेतो. १८ गुणिले ४० म्हणजे ७२० मायक्रोग्रॅम, अर्थात पाऊण मिलिग्रॅमहूनही थोडे कमी. एक सिगारेट ओढणाऱ्याच्या शरीरात सुमारे १२ मिलिग्रॅम कण जातात. वजनाच्या हिशेबाने ही हवा दोन-अडीच आठवड्यांत एक सिगारेट एवढीच ठरते. एकाच हवेची ही दोन उत्तरे, आणि त्यांत सुमारे तीसपट फरक!

कारण असे की, बर्कलीचा ठोकताळा कणांच्या वजनावरून नव्हे, तर मृत्यूंच्या अंदाजावरून काढलेला आहे. मृत्यू आणि कणांची मात्रा यांचे नाते सरळ रेषेचे असते, तर दोन्ही उत्तरे जुळली असती. ते तसे नाही, हे अमेरिकेतील पोप व सहकाऱ्यांनी २००९ साली दाखवले. त्यांनी शहराची हवा, परोक्ष धूम्रपान आणि प्रत्यक्ष धूम्रपान ही तिन्ही एकाच आलेखावर मांडली. हृदयविकाराच्या मृत्यूंचा वक्र सुरुवातीला झपाट्याने चढतो आणि पुढे सपाट होत जातो. परोक्ष धूम्रपान करणाऱ्याच्या वाट्याला येणारी मात्रा रोज वीस सिगारेटी ओढणाऱ्याच्या शंभराव्या हिश्श्याइतकीही नसते, तरी त्याचा हृदयविकाराचा धोका २५ ते ३० टक्क्यांनी वाढतो. थोड्या धुरानेही रक्तातील बिंबिका चिकट होतात आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर परिणाम होतो.

फुप्फुसाच्या कर्करोगाचे नाते मात्र बरेचसे सरळ रेषेचे आहे. धूम्रपान करणाऱ्याला हा धोका १५ ते ३० पट असतो, तर परोक्ष धूम्रपानाने तो २० ते ३० टक्क्यांनी वाढतो. म्हणून 'किती सिगारेटी?' या प्रश्नाचे उत्तर 'कोणता रोग?' हे विचारल्याशिवाय देता येत नाही.

आमचे म्हणणे असे की, शहराच्या हवेची तुलना करायचीच तर ती ओढलेल्या सिगारेटीशी नको, शेजाऱ्याने ओढलेल्या सिगारेटीशी करावी. दोन्हींत मात्रा जवळपास सारखी आणि हृदयाला धोकाही त्याच पातळीचा. कर्करोगाच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेनेही परोक्ष धूम्रपानाला आणि २०१३ पासून बाहेरच्या प्रदूषित हवेला निश्चित कर्करोगकारकांच्या एकाच गटात ठेवले आहे.

चुकीच्या तुलनेने नुकसान दोन प्रकारे होते. शहरातला माणूस म्हणतो, 'हवेतून दहा ओढतोच आहे, अकरावीने काय बिघडते?' आणि गावातला माणूस म्हणतो, 'आमची हवा स्वच्छ, आमचा काय संबंध?' आळेफाट्यावर पुणे-नाशिक आणि कल्याण-अहिल्यानगर हे महामार्ग एकमेकांना छेदतात. तेथला वाहनांचा धूर डोळ्यांना दिसतो. पण आळे गावातल्या एखाद्या घरात दार लावून विडी ओढली जात असेल, उशाशी अगरबत्ती जळत असेल, तर तेथल्या मुलाला फाट्यापासून दूर राहूनही धूर चुकत नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातील ३८.७ टक्के प्रौढांना घरातच दुसऱ्याचा तंबाखूचा धूर सोसावा लागत असल्याचे आढळले होते.

उपायांतही फरक आहे. मुंबईचे मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाविरुद्ध आदेश दिला आणि २ ऑक्टोबर २००८ पासून बंदीचे सुधारित नियम देशभर लागू झाले. शहराची हवा सुधारायला वाहने, इंधन, बांधकामे आणि कचरा यांच्यावर वर्षानुवर्षे काम करावे लागते. घरातली विडी मात्र आज संध्याकाळीही अंगणात नेता येते, आणि विझवताही येते. एकाची सबब सांगून दुसरे टाळू नये.

तेव्हा असे वाक्य छापून आले की विद्यार्थ्यांना तीन प्रश्न विचारायला लावावेत. सिगारेट जाळली की ओढली? मोजले काय, कणांचे वजन की मृत्यू? आणि रोग कोणता? या तिन्हींची उत्तरे बातमीत नसतील, तर तिच्यातला आकडा वहीत उतरवून घेऊ नये.